बरा झाला की ओळखत नाही! (जुन्या तमिळ सिनेमातलं वेड)

कावेरीकाठ

मंडळी, 'एंगिरुंदो वंदाळ' बघून झाला. 1970 चा तमिळ सिनेमा, शिवाजी गणेशन आणि जयललिता, दिग्दर्शक ए. सी. तिरुलोकचंदर. नावावरून काही कळणार नाही, पण गोष्ट सांगितली की निम्मे लोक म्हणतील अरे हा तर 'खिलौना'. तोच तो. दोन्ही एकाच वर्षीचे. त्याआधी 1963 मध्ये तेलुगूत 'पुनर्जन्म' येऊन गेला होता, आणि सगळ्याचं मूळ गुलशन नंदांच्या 'पत्थर के होंठ' कादंबरीत.

(पुढे स्पॉयलर आहेत, पण पन्नास वर्षं उलटून गेल्यावर कोण तक्रार करणार)

श्रीमंत घरचा मुलगा, प्रेयसी गमावल्याच्या धक्क्याने वेडा होतो. घरचे नाचगाण्याच्या धंद्यातली एक मुलगी आणतात, बायको असल्याचं नाटक कर म्हणून. ती त्याला भरवते, झोपवते, त्याचे फटके खाते. वेडाच्या भरात तो तिच्यावर जबरदस्ती करतो, ती गरोदर राहते. मग एक दिवस तो बरा होतो आणि तिला ओळखतच नाही! कोण ही बाई, हिला घरात कोणी घेतलं.

माझा प्रश्न ह्या शेवटच्या भागाबद्दल आहे. 'मून्राम पिरै' उर्फ आपला 'सदमा', तिथेही तेच, फक्त बाई-पुरुष उलटे. आजारी माणूस बरा झाला की सांभाळणारं माणूस त्याच्या डोक्यातून साफ पुसलं जातं. हे आलं कुठून? खरंच असं होतं का? आणि बरा झालेला माणूस सगळं लक्षात ठेवतो असा एखादा जुना सिनेमा आहे का, कुठल्याही भाषेतला?

टवाळखोर

आमच्याकडे लग्नानंतर मित्र असेच बरे होतात. उसने पैसे घेतलेले आठवत नाहीत.

मिरज_जंक्शन

पहिला नंबर हुकला. वाचनखूण साठवली, रात्री वाचतो.

इडलीप्रेमी

'खिलौना' आईबरोबर टीव्हीवर बघितलाय, ती 'खिलौना जानकर तुम तो' लागलं की आमटी उतू गेली तरी हलायची नाही. संजीवकुमारने वेडा छान केलाय, डोळे एकदम रिकामे. सिनेमाला बेस्ट फिल्मचं फिल्मफेअर मिळालं आणि मुमताजला बेस्ट अॅक्ट्रेस. शिवाजीचा कसा आहे? त्याचा आवाज ऐकला की मला आपलं मराठी नाटक आठवतं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे असा.

कावेरीकाठ

@इडलीप्रेमी, शिवाजी शिवाजीच आहे. वेडा असतानाही उच्चार खणखणीत. पण मधेमधे लहान मुलासारखा हट्ट करतो ते सीन बघण्यासारखे आहेत, आणि एम. एस. विश्वनाथनचं संगीत, त्यासाठी तरी बघाच. जयललिता मात्र मला शिवाजीपेक्षा आवडली. तिला फार बोलायला नाहीये, सगळं चेहऱ्यावर.

बंडू_ठाणेकर

अम्मा! पुढे अख्ख्या राज्याला कामाला लावलं ती बाई इथे फटके खातेय. 😄

अवांतर: शिवाजी गणेशनला शिवाजी हे नाव आपल्या महाराजांमुळेच मिळालं हे किती जणांना माहितीय? मूळ नाव गणेशन. अण्णादुराईंनी शिवाजी महाराजांवर नाटक लिहिलं होतं, त्यात ह्याने महाराजांचं काम केलं ते बघून पेरियारनी त्याला शिवाजी म्हटलं आणि तेच चिकटलं. म्हणजे तमिळ सिनेमाचा सगळ्यात मोठा नट आपल्या राजाचं नाव लावून फिरला.

टवाळखोर

झालं, आता धागा गडकिल्ल्यांवर जाणार. पॉपकॉर्न आणतो.

अडगळीतला

मला ह्या प्रश्नाचाच कंटाळा आलाय, स्पष्ट बोलतो. 1970 च्या सिनेमाला 2020 नंतरच्या मानसोपचाराची फूटपट्टी लावायची आणि मग हे चुकलं ते चुकलं. तेव्हाच्या प्रेक्षकाला आजार बघायचाच नव्हता, त्याला रडायचं होतं. वेड म्हणजे प्रेमाची शेवटची पायरी, संपलं. देवदास दारू पितो, हा वेडा होतो. त्यात डॉक्टरी कशाला शोधायची.

सांजसखी

@अडगळीतला, डॉक्टरी सोडा. वेडाच्या भरात केलेला बलात्कार तो 'वेडाच्या भरात' म्हणून माफ होतो आणि शेवटी त्याच माणसाशी संसार हेच तिचं बक्षीस, हे 1970 मध्येही कोणाला तरी खटकलं असेलच ना? बायका थिएटरात बसल्याच होत्या की. त्यांना विचारलं कोणी?

आणि अजून एक. 'खिलौना', 'खामोशी', तुमचा तो तमिळ, सगळीकडे औषध म्हणून बाईच आणलीय. गोळीच्या जागी बाई. गोळी संपली की रिकामं पाकीट टाकून देतात तसं. आणि 'सदमा'त सांभाळणारा पुरुष निघाला की मात्र त्याची थोर ट्रॅजेडी होते, कमल हासनला त्याच्या तमिळ मूळ सिनेमासाठी नॅशनल अवॉर्ड मिळतं. मुमताजने तेच केलं ते तिचं कर्तव्य.

इडलीप्रेमी

+१ सांजसखी. रिकामं पाकीट हे भारीच.

अडगळीतला

मुमताजलाही फिल्मफेअर मिळालं, वरच लिहिलंय. वाचून लिहा. बाकी बलात्काराचा मुद्दा मान्य, तो सीन मलाही बघवत नाही. पण सिनेमा त्याला माफ करतो असं मला वाटत नाही, कमीत कमी बाईचं दुःख मधे ठेवतो. त्या काळातल्या बऱ्याच सिनेमांनी तेही केलं नाही.

सांजसखी

दुःख मधे ठेवतो आणि मग शेवटी सासूच्या पाया पडायला लावतो. चालू द्या.

डॉ_अनामिक

मी मानसोपचार क्षेत्रात आहे, धागाकर्त्याच्या 'खरंच असं होतं का' बद्दल थोडं.

बहुतेक वेळा होत नाही. सायकोसिसमधून (म्हणजे भास-भ्रम होतात त्या अवस्थेतून) बाहेर आलेल्या माणसाला त्या काळातलं बरंच आठवतं. तुटक असेल, क्रम चुकलेला असेल, तेव्हा जे खरं वाटत होतं त्याबद्दल आता लाज वाटत असेल, पण कोणी भरवलं आणि कोणी कोंडलं हे आठवतं. औषधाने आजार उतरतो म्हणजे पाटी कोरी होत नाही.

'मून्राम पिरै'मध्ये दाखवलंय की अपघातात डोक्याला मार लागला आणि तरुण मुलगी सहा-सात वर्षांची झाली. स्मृतिभ्रंशात सहसा अलीकडचं आधी जातं, जुनं टिकतं इथपर्यंत ठीक, पण मोठी बाई बोलण्या-चालण्यात बालवाडीतली होते असं नाही. आणि मग एका वैद्याच्या औषधाने ती एकदम मूळपदावर येते आणि मधले दिवस गायब.

तरी पूर्ण खोटंही नाही म्हणणार. डोक्याला मार लागल्यानंतरचा काही काळ मेंदू नोंदवतच नाही, तो नंतरही आठवत नाही. आणि फ्यूग नावाचा एक दुर्मिळ प्रकार आहे, माणूस स्वतःची ओळख विसरून कुठेतरी निघून जातो, भानावर आला की मधलं काही सांगता येत नाही. पटकथाकारांनी ह्या दुर्मिळ गोष्टी उचलल्या आणि सरसकट सगळ्या वेडाला चिकटवल्या. शॉक ट्रीटमेंटने उपचाराच्या आसपासच्या काही आठवणी जाऊ शकतात, पण सिनेमात दाखवतात तशी ती शिक्षा नसते. भूल न देता शॉक देण्यावर 2017 च्या कायद्याने बंदीच आहे.

मिरज_जंक्शन

डॉक्टर, माहितीबद्दल आभार. म्हणजे 'सदमा'चा शेवट निदान कागदावर तरी शक्य आहे? मला तेवढं सांगा, बाकी काही नको. तो स्टेशनवरचा सीन खोटा निघाला तर मी जेवणार नाही.

डॉ_अनामिक

जेवा. 🙂 केत्ती स्टेशनला सगळं माफ.

चिंचोके

केत्तीला जाऊन आलोय! ऊटीच्या अलीकडचं छोटं स्टेशन, निळी डोंगरातली गाडी. पाऊस होता त्या दिवशी, खांबाला हात लावला आणि बायकोला म्हटलं इथेच कमलने डोकं आपटलं (कुठला खांब ते देवाला माहीत). ती म्हणाली तू आपटू नकोस.

'सदमा'ची गाणी पण बघा ना, 'ऐ जिंदगी गले लगा ले' आपल्या सुरेश वाडकरांचं, 'ये हवा ये फिजा' वाडकर आणि आशाताई. आणि 'सुरमई अखियों में' तमिळमध्ये 'कन्ने कलैमाने', दोन्हीकडे येसुदासच. तमिळ गीतकार कन्नदासनचं ते शेवटचं गाणं, 1981 मध्ये गेला तो, सिनेमा 82 चा. माझ्या मुलीला झोपवताना मी हिंदी म्हणायचो, माझा सासरा (कोइमतूरमध्ये नोकरी झालेली) तमिळ म्हणायचा, ती दोन्ही ऐकून जागीच.

इडलीप्रेमी

तमिळमध्ये कुत्र्याचं नाव सुब्रमणी आहे आणि हिंदीत हरिप्रसाद. हे मला नेहमी फार गोड वाटतं, का ते विचारू नका.

माळरान

बरेच दिवस फक्त वाचत होतो, इथे लिहावंसं वाटलं.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला सुरू झालं. आम्ही आधी काय काय केलं ते सांगत बसत नाही, गाणगापूरही केलं, एका बाबाकडेही नेलं, तिथे त्याला खोलीत बांधून ठेवायचे आणि आम्ही बाहेर पायरीवर बसायचो. मग कोणीतरी डॉक्टरकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, दोन-तीन वेळा बदलल्या, आता गेली काही वर्षं तो बराच ठीक आहे. एका प्रेसमध्ये कामाला जातो.

डॉक्टर म्हणतात ते अगदी खरं. त्याला सगळं आठवतं. आईला काय बोलला ते आठवतं. बांधलं होतं ते आठवतं आणि दोरी कोणी धरली होती ते पण. ती मी धरली होती. तो कधी विषय काढत नाही, पण मला उजव्या बाजूने पटकन जवळ येऊ देत नाही.

सिनेमावाल्यांनी हा विसरण्याचा शेवट का काढला ते मला तरी कळतं. विसरणं सोपं आहे. बरा झालेला माणूस तुमच्याकडे बघतोय आणि त्याला सगळं ठाऊक आहे, ह्याचं पुढे काय करायचं हे अडीच तासात बसत नाही.

सांजसखी

माळरान, काय लिहू कळत नाहीये. लिहिलंत ते बरं केलंत.

बंडू_ठाणेकर

दादा, सलाम. आमच्या गावाच्या नावाने लोक जोक करतात ना, 'ठाण्याला पाठवा ह्याला', मी पण लहानपणापासून हसत आलोय. तुमची पोस्ट वाचून तो जोक टाकायला आलो होतो तो टाकत नाही.

नानबा

पुण्यात येरवडा, नागपूरकर पागलखाना म्हणतात, रत्नागिरीलाही आहेच. चेन्नईत तसं काही म्हणतात का हो? @कावेरीकाठ

कावेरीकाठ

@नानबा, म्हणतात ना. किळपाक. तिथे ब्रिटिशांच्या वेळेपासूनचं मेंटल हॉस्पिटल आहे. जुन्या तमिळ विनोदी सिनेमात किळपाक म्हटलं की प्रेक्षक हसायला तयार. पण त्याच किळपाकमध्ये डॉ. सारदा मेनन होत्या, देशातल्या पहिल्या महिला मानसोपचारतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जातात त्या. त्यांनीच पुढे 1984 मध्ये स्किझोफ्रेनियासाठी स्कार्फ नावाची संस्था उभी केली, आजही चालू आहे.

आणि माळरान, तुम्ही बाबाचं लिहिलंत म्हणून. इथे रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीला दर्गा आहे, तिथे मनोरुग्णांना आणून ठेवायचे, आजूबाजूला खाजगी शेड उभ्या राहिल्या होत्या. ऑगस्ट 2001 मध्ये त्यातल्या एका शेडला पहाटे आग लागली. 28 जण गेले. साखळीने बांधलेले होते. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. तिरुचीजवळ गुणशीलमचं मंदिर आहे तिथेही लोक आणतात, एक मंडल म्हणजे 48 दिवस राहतात. तुम्ही लोक गाणगापूर म्हणता, इथे गुणशीलम म्हणतात, आईबाप तेच.

अडगळीतला

माळरान यांची पोस्ट वाचून पुन्हा आलो. ह्यावर वाद घालणार नाही. फक्त धाग्यातल्या 'कुठून आलं' बद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

मला वाटतं गुलशन नंदांच्या फार आधीपासूनचं आहे. बघा: एक मोठ्या घरचा पुरुष. एक मुलगी, जिच्या आईचं नाव चारचौघात घेता येत नाही. त्याच्यापासून तिला दिवस जातात. मग तो तिला विसरतो, ती भर दरबारात उभी राहते आणि तो म्हणतो ही कोण. शेवटी खूण पटते आणि तो तिला स्वीकारतो.

शाकुंतल! शकुंतलाही मेनकेचीच मुलगी की. दुर्वासाच्या शापाच्या जागी वेड आणि अंगठीच्या जागी दुसरा कसला पुरावा. 1880 मध्ये किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतल केलं तेव्हापासून आपण मराठी लोक हेच बघून रडतोय, मग शिवाजी गणेशन आणि संजीवकुमारला कशाला बोल लावायचा. शाप असला की राजाचा दोष नाही, वेड असलं की हिरोचा दोष नाही. विसरणं ही हिरोला स्वच्छ ठेवायची युक्ती आहे, आजाराशी तिचा संबंध नाही.

सांजसखी

हे मात्र मानलं. आणि तुम्ही नकळत माझाच मुद्दा सिद्ध केलात, धन्यवाद. 😄 कालिदासाने सुद्धा दुष्यंताला शाप लावूनच वाचवलाय, महाभारतातला दुष्यंत तर ओळखूनही नाही म्हणतो. तिथे शकुंतला त्याला सभेत काय झाडते ते वाचा एकदा.

अडगळीतला

महाभारतातली झाडाझडती माहितीय. म्हणूनच तर म्हणतोय, युक्ती नाटककारांची.

टवाळखोर

थांबा. म्हणजे जयललिता शकुंतला, शिवाजी दुष्यंत. मग 'सदमा'त कमल हासन शकुंतला? घागर डोक्यावर घेऊन माकडउड्या मारणारी शकुंतला? मला आता हे डोळ्यासमोरून जात नाहीये, तुमचं देव भलं करो.

डॉ_अनामिक

@टवाळखोर, पण तेच तर त्या सिनेमाचं वेगळेपण आहे. अंगठी चालत नाही. तो सगळ्या खुणा करून दाखवतो, माकड, घागर, सगळं, आणि तिला वाटतं कोणी भिकारी आहे. दिग्दर्शक बालू महेंद्रने शाकुंतलचा शेवटचा अंकच कापला. 'खामोशी'त पण ते होतं, नर्स शेवटी त्याच खोलीत भरती होते.

नानबा

धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न राहिला. विसरत नाही असा सिनेमा. जुना नाही, पण मराठीत 'देवराई' आहे, 2004, भावे-सुकथनकर. अतुल कुलकर्णीचा शेष, सोनाली कुलकर्णी बहीण. त्यात तो साफ बरा वगैरे होत नाही, बहिणीचा संसार आणि भावाचा आजार एकाच घरात बसवायचा खटाटोप आहे. बहीण थकते, चिडते. माळरान, तुम्ही बघितला असेलच.

माळरान

बघितलाय, भावाबरोबर. तो मधेच उठून चहा करायला गेला. परत येऊन म्हणाला ह्यातला डॉक्टर बरा आहे, आपला जास्त बोलतो.

चिंचोके

😂😂

इडलीप्रेमी

जुन्यातलाच हवा असेल तर 'आलयमणि' (1962) चालेल का? तोही शिवाजीचाच. लहानपणी बाहुलीवरून झालेल्या भांडणात मित्राचा जीव गेलेला असतो, ते त्याच्या मनात घट्ट बसतं, मोठेपणी मित्रावर आणि बायको होणाऱ्या मुलीवर संशय. हिंदीत दिलीपकुमारचा 'आदमी' तोच. तिथे माणूस विसरत नाही हाच आजार आहे.

कावेरीकाठ

अरे हो! 'आलयमणि' डोक्यातच आला नाही. प्रश्नाच्या बरोब्बर उलटा सिनेमा. आणि त्यात नाचगाणं करून बरं करायला कोणी येत नाही, संशय वाढतच जातो, तो भाग मला 'एंगिरुंदो'पेक्षा जास्त खरा वाटला होता. एस. एस. राजेंद्रन मित्र आहे आणि सरोजादेवी. पुन्हा बघतो आणि लिहितो.

अडगळीतला

'आदमी'तलं 'ना आदमी का कोई भरोसा' ऐकाच पुन्हा. नौशाद.

आणि 'कैसी हसीन आज बहारों की रात है' ह्या गाण्याच्या दोन आवृत्त्या आहेत, रफीबरोबर एकात तलत आणि दुसऱ्यात महेंद्र कपूर. पडद्यावर मनोजकुमार असल्यामुळे कपूरची ठेवली. तलतवाली शोधून ऐका, रागावणार नाही.

मिरज_जंक्शन

आता गाण्यांचा धागा झाला म्हणजे मी येऊ शकतो. तलतवाली माझ्याकडे आहे. 'आलयमणि' सबटायटलसकट कुठे मिळेल? तमिळ शून्य.

कावेरीकाठ

सबटायटल मिळणं अवघड आहे. आधी 'आदमी' बघा, मग 'आलयमणि' तसाच लावा, सीनला सीन जुळतो. अडलं तर इथे विचारा, मी सांगतो. माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं आहे पण शिवाजी एवढं सावकाश बोलतो की जमतं.

सांजसखी

बालचंदरचा 'अग्नि साक्षी' (1982) कोणी बघितलाय का? त्यात बायको आजारी आहे, सरिता, आणि सांभाळणारा नवरा, शिवकुमार. ऐकलंय की चालला नव्हता. तो बघून झाला की मी वेगळा धागा काढते, कारण त्यात भांडायला बरंच काही असणार असं दिसतंय आणि अडगळीतला यांना इथे जागा पुरत नाहीये.

अडगळीतला

काढा. पण गाणी आधी लिहा.